अपडेटनंतर गेमचा आवाज बिघडला? हेडफोन बदलण्याआधी हे करून बघा

मागच्या पावसाळ्यात खानापूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, हेडफोन गेला की माझा. शत्रू डावीकडून येतोय, पण आवाज डोक्याच्या मधोमध वाजतोय. बेळगावात नवा केवढ्याला मिळंल?" मी विचारलं, दोन-चार दिवसांत काय बदललंस? "काही नाही." हे 'काही नाही' मी वीस वर्षं ऐकतोय. थोडं खोदल्यावर निघालं, की त्याच आठवड्यात साहेब विंडोज १० वरून ११ वर गेलेत.

हेडफोन ठणठणीत होता. काय झालं होतं ते खाली येईलच. पण खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत चांगले हेडफोन घेऊन घरी नेणारे, आणि आवाज तसाच आला म्हणून पुन्हा दुकानदाराशी वाद घालणारे, मी इतके बघितलेत की हे एकदा लिहून काढायचं ठरवलं. दिवसा मी उद्यमबागेत नोकरी करतो, संध्याकाळी ओळखीपाळखीच्यांचे संगणक बघतो. संगणक नव्याने हाताळणाऱ्यालाही जमेल इतकंच इथे आहे.

आवाज जातो कुठून

गेममध्ये गोळी सुटली की तिचा आवाज थेट कानात येत नाही. गेम तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे, म्हणजे विंडोजकडे देतो. तिथे ब्राउझरमधलं गाणं, मित्राची बडबड, मेसेजची टिंग असं सगळं एकत्र मिसळलं जातं. ते मिश्रण ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम साउंड चिपला समजेल अशा रूपात पोचवतो, आणि चिप त्याची वीज करून जॅकमधून हेडफोनात सोडते. चिप आणि हेडफोन या वस्तू रातोरात बदलत नाहीत. मिसळणी आणि ड्रायव्हर मात्र एका अपडेटने बदलतात, तेही तुम्ही झोपेत असताना.

या मधल्या वाटेवर सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती २००७ साली, विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा. त्याआधीच्या विंडोज एक्सपीपर्यंत डायरेक्टसाउंड नावाच्या सोयीतून गेम साउंड कार्डाशी जवळजवळ थेट बोलायचा. क्रिएटिव्ह कंपनीच्या कार्डांवर ईएएक्स हे तंत्र होतं. गुहेत शिरलात की पावलं घुमायची, भिंतीआडचा आवाज दबका यायचा, आणि ते सगळं गणित कार्डावरची चिप करायची. १९९८ च्या हाफ-लाइफ या गेममध्ये ईएएक्सही चालायचं आणि ऑरियल कंपनीचं ए३डीही. व्हिस्टाने हा आडरस्ता बंद केला. निपाणीकडच्या लोकांना लगेच कळेल असं सांगायचं तर, गावातून शेताच्या बांधाबांधाने जाणाऱ्या गाड्यांना अडवून सगळ्यांना कोगनोळी नाक्यावरूनच जायला लावलं.

कारण तसं रास्त होतं. साउंड ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्यात बसून काम करायचा आणि तो चुकला की अख्खा संगणक निळा पडदा दाखवून बसायचा. मिसळणीचं काम गाभ्याबाहेर काढल्यावर हा धोका कमी झाला. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची सोयही त्यातूनच आली, जी आज आपण गृहीत धरतो. पण हजारो रुपयांच्या कार्डांवरचं घुमणं त्या दिवसापासून मुकं झालं. क्रिएटिव्हने मग अल्केमी नावाचा प्रोग्राम काढला. तो जुन्या गेमची हाक ओपनएएल या दुसऱ्या वाटेवर वळवतो. एक्सपीच्या काळातला एखादा गेम आज काढलात आणि तो सपाट वाटला, तर कान म्हातारे झाले असं समजू नका. डीएसओएएल नावाचं फुकट साधन हेच काम करतं, आणि त्याला त्या कंपनीचं कार्डही लागत नाही.

मी त्या काळात टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत संध्याकाळचा बसायचो. पैसे साठवून घरच्या संगणकाला कार्ड घेतलं होतं. व्हिस्टा हौसेने टाकली, काहीही न वाचता. आठवडाभर कार्ड काढ, खोडरबराने पिना पुस, पुन्हा बसव, हेच चाललं होतं. कार्डाला काय कळणार!

दुसरी गोष्ट म्हणजे उशीर. सिस्टीम आवाज थेंबाथेंबाने पुढे पाठवत नाही, साठवून लॉटने पाठवते. टिळकवाडीचं रेल्वे गेट आठवा. गाड्या साठतात, गेट उघडलं की एकदम सुटतात. विंडोजमध्ये हे गेट साधारण दर १० मिलिसेकंदाला उघडतं, आणि एवढा उशीर कानाला कळत नाही. पण संगणक दुसऱ्या कामात अडकला आणि गेट उघडायच्या वेळी गाड्याच आलेल्या नसल्या, तर आवाजात खड्डा पडतो. कडकड, चरचर ऐकू येते ती हीच. म्हणजे चरचर आली की स्पीकर फाटला असं लगेच म्हणू नये.

अपडेट करण्याआधी

इथे पाच मिनिटं घालवा, पुढचे दोन दिवस वाचतील. मोबाइलने चार फोटो काढा: साउंड सेटिंगचं पान, हेडफोनच्या प्रॉपर्टीजमधला फॉरमॅट, डिव्हाइस मॅनेजरमधलं (संगणकाच्या भागांची विंडोजमधली यादी) साउंड ड्रायव्हरचं नाव आणि त्याचा आवृत्ती क्रमांक, आणि गेममधलं ऑडिओचं पान. नंतर "आधी काय होतं?" या प्रश्नाला याशिवाय उत्तर नसतं.

लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि आपल्याकडचा खास मुद्दा: जून ते सप्टेंबर अपडेट लावायचं तर आभाळ बघून. खानापूर भागात पाऊस लागला की वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. अपडेट अर्ध्यावर असताना डेस्कटॉप बंद पडला तर ड्रायव्हर अर्धा जुना, अर्धा नवा राहू शकतो. यूपीएस नसेल तर सकाळी करा, संध्याकाळच्या गडगडाटात नको.

विंडोज १० चं नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, म्हणून सध्या जो तो ११ च्या मागे आहे. जुन्या यंत्रावर नियमांना बगल देऊन ११ टाकून देणारेही भेटतात. त्यांना एवढंच विचारा, की माझ्या साउंड चिपचा ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का? ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही, त्यामुळे ज्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे ते कार्ड ११ वर शोभेची वस्तू होतं.

अपडेटनंतर: क्रमाने जा

पहिली पायरी, आवाज चाललाय कुठे ते बघा. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही बटणं एकदम दाबली की आवाजाची यादी उघडते. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर किंवा टीव्ही असेल तर अपडेटनंतर सिस्टीम पुष्कळदा त्यालाच स्पीकर समजते. बऱ्याच मॉनिटरना स्पीकरच नसतो, आणि घरात शांतता. अशा 'आवाज मेला' तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच बघतो आणि निम्म्या वेळा तिथेच काम संपतं. हेडफोन निवडा, आणि मॉनिटरचा आवाज लागतच नसेल तर तो डिसेबल करून टाका.

दुसरी पायरी, भाच्याची. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जा. तिथेच आवाजाच्या पट्टीखाली मोनो ऑडिओ नावाचं बटण आहे. एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी ही फार चांगली सोय आहे. डावा-उजवा आवाज एकत्र करून दोन्ही बाजूंना सारखाच देते. विंडोज १० मध्ये हे बटण ईज ऑफ अ‍ॅक्सेसच्या कोपऱ्यात होतं, तिकडे कोणी फिरकायचं नाही. ११ मध्ये ते मुख्य पानावर आलं. भाच्याने आवाज वाढवायला म्हणून ते पान उघडलं आणि जे दिसेल ते चालू केलं. डावं-उजवं एक झालं, शत्रू मधोमध आला. बटण बंद केल्यावर म्हणतो, "एवढंच?" मी म्हटलं, तुझे दोन हजार वाचले, अक्काला सांग.

तिसरी पायरी जरा आतली आहे, पण इथेच खरा माल आहे. विंडोज आणि आर दाबा, चौकटीत एम एम एस वाय एस, मग टिंब, मग सी पी एल ही अक्षरं इंग्रजीत टाइप करून एंटर करा. साउंडची जुनी खिडकी उघडेल. व्हिस्टाच्या काळापासून ही ओळखीची आहे, आणि नव्या पानांवर जे सापडत नाही ते इथे सापडतं. हेडफोनवर दोनदा क्लिक करा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये डिफॉल्ट फॉरमॅट बघा. गेमसाठी २४ बिट, ४८,००० हर्ट्‌झ ठेवा. १,९२,००० हर्ट्‌झ दिसतंय म्हणून ते लावू नका. कानाला त्यातून काही जास्त मिळत नाही, संगणकाला मात्र फुकटची मेहनत आणि तुम्हाला चरचर. तिथेच एक्सक्लुझिव्ह मोड आहे. एखाद्या प्रोग्रामला सगळा रस्ता मोकळा करून द्यायची ती परवानगी. मंत्र्याचा ताफा जातो तेव्हा बाकीच्यांना थांबवतात, तसं. गेम चालू झाल्यावर मित्राचा आवाज गुल होत असेल तर ही परवानगी काढून बघा.

त्याच खिडकीत कॉन्फिगर नावाचं बटण असतं. ड्रायव्हर बदलला की कधीकधी स्पीकरची मांडणी ५.१ वर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर अशी जाऊन बसते. तुमच्याकडे दोनच कान आणि दोनच स्पीकर. मग मधल्या चॅनेलवरचे संवाद कुठे जाणार? संगीत ढणढण वाजतंय आणि पात्रं नुसते ओठ हलवतायत, असं झालं तर स्टिरिओ करा.

शेजारचा कम्युनिकेशन्स टॅब उघडा. तिथे मुळातच असं ठरवलेलं असतं, की कॉल सुरू झाला की इतर आवाज ८० टक्के कमी करायचे. मित्र बोलायला लागला की गेम दबतो तो यामुळे. 'डू नथिंग' निवडा.

एकाच वेळी दोन घुमट नकोत

विंडोज १० मध्ये २०१७ पासून विंडोज सोनिक आलं. साध्या हेडफोनात चारी बाजूंचा भास करून देणारं, आणि फुकट. डॉल्बी अ‍ॅटमॉसचं असंच साधन आहे, त्याला पैसे पडतात. डाव्या कानाला आवाज आधी आणि जोरात, उजव्याला क्षणभराने आणि दबका, अशी फसवणूक करून मेंदूला दिशा पटवायची, हे त्यामागचं सूत्र. पण व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये हेच काम गेम स्वतः करू शकतो, सेटिंगमध्ये एचआरटीएफ या नावाने. दोन्ही चालू ठेवलंत तर एकदा फसवलेल्या कानाला पुन्हा फसवलं जातं. आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो आणि पाठीमागचा माणूस पुढे वाटतो. वर हेडफोनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये '७.१ सराउंड' असेल तर तिसरा घुमट. एकच ठेवा. माझं मत विचाराल तर गेमच्या आतला ठेवा, कारण शत्रू नेमका कुठे उभा आहे हे गेमला ठाऊक असतं, विंडोजला नसतं. गेममध्ये तशी सोय नसेल तरच सोनिक.

लाउडनेस इक्वलायझेशन नावाची एक खूण बऱ्याच जणांची लाडकी आहे. ती बारीक आवाज वर उचलते, मोठे दाबते, म्हणून पावलं ठळक येतात. ड्रायव्हर बदलला की ती दिसेनाशी होते आणि पोरं हवालदिल होतात. मला विचाराल तर तिच्यावाचून फार अडत नाही, कारण लांबचं आणि जवळचं एकाच पातळीला आलं की अंतर कसं ओळखणार? तरी हवीच असेल तर पुढची पायरी करा.

ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' उघडा. रिअलटेक या साउंड चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसेल किंवा नुसतं हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस. दुसरा म्हणजे विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर. अपडेटनंतर यांची अदलाबदल होणं नेहमीचंच. नावावर क्लिक करून ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक (आधीच्या ड्रायव्हरवर परत जाणं) दिसत असेल तर आधी तेच करा. दिसत नसेल तर अपडेट ड्रायव्हर, मग संगणकावर शोधा, मग यादीतून निवडतो असं सांगून साधा ड्रायव्हर लावून बघा. लाउडनेसची खूण बहुतेक वेळा इथे परत येते. साध्यावर आवाज स्वच्छ आणि कंपनीच्या ड्रायव्हरवर घाण, तर दोषी सापडला. पेनड्राइव्हवरची जुनी आवृत्ती टाका.

रिअलटेकचा जुना नारिंगी स्पीकरचा मॅनेजर गायब झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. नव्या पद्धतीच्या ड्रायव्हरबरोबर त्याची जागा रिअलटेक ऑडिओ कन्सोलने घेतली आहे, आणि तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येतो.

हे सगळं फक्त आपल्याच घरी होतं असं वाटून घेऊ नका. विंडोज ११ आलं तेव्हा इंटेलच्या ११ व्या पिढीच्या काही संगणकांवर स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीच्या ठराविक ड्रायव्हरमुळे निळा पडदा यायचा, आणि मायक्रोसॉफ्टने त्या यंत्रांना ११ देणंच रोखून धरलं होतं. जानेवारी २०२५ च्या अपडेटनंतर यूएसबी १.० वर चालणारे काही ऑडिओ डॅक (आकड्यांतला आवाज हेडफोनसाठी विजेत बदलणाऱ्या डब्या) बंद पडले, तेही नंतरच्या अपडेटने सुधारलं. म्हणून सगळं करूनही हात टेकले तर दोन आठवडे थांबणं हाही उपाय आहे. अगदीच असह्य झालं तर १० वरून ११ वर गेल्यानंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमधून मागे फिरता येतं. अकराव्या दिवशी नाही, हे लक्षात ठेवा.

ब्लूटूथवाल्यांसाठी

ब्लूटूथ हेडफोनला दोन वेष आहेत. एक गाणी ऐकायचा, स्टिरिओ आणि भरघोस. दुसरा फोनवर बोलायचा, मोनो आणि चिरका. माइक चालू झाला की वेष बदलतो. विंडोज १० मध्ये यादीत ही दोन नावं वेगवेगळी दिसायची, म्हणून आपण हटकून स्टिरिओवालं निवडायचो. ११ मध्ये दोन्ही एकाच नावाखाली आली, आणि वेष आपोआप बदलतो. लोकांना वाटतं ११ ने हेडफोन बिघडवला. उपाय सोपा: इनपुटमध्ये हेडफोनचा माइक न ठेवता लॅपटॉपचा ठेवा, गेममध्ये आणि डिस्कॉर्डमध्येही (खेळताना मित्रांशी बोलायचं अ‍ॅप).

उशिराला मात्र उपाय नाही. साध्या ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. २०० मिलिसेकंदात हवेतला आवाज सुमारे ६८ मीटर जातो. म्हणजे शत्रू खोलीत आलाय आणि तुम्ही त्याला गल्लीच्या टोकाला ऐकताय. नेमबाजीच्या गेमला वायर लावा.

माइक गेला असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन इथे बघा, डेस्कटॉप अ‍ॅप्सना परवानगी आहे का ते. आणि एक बारीकसं: शहापुरातल्या एका ओळखीच्यांच्या घरी विंडोज कन्नडमध्ये होतं. मला कन्नड वाचता येतं आणि 'ध्वनि' तर दोन्हीकडे सारखाच, म्हणून निभावलं. पण नवशिक्यांनी मेनू इंग्रजीत ठेवावा. मराठीतही विंडोज मिळतं, वाचायला छान वाटतं, पण अडल्यावर जो व्हिडिओ बघाल त्यातली नावं जुळत नाहीत.

शेवटचा निवाडा, लिनक्सकडून

एवढं करूनही आवाज नसेल तर दुकानात जाण्याआधी एक चाचणी घ्या. मित्राच्या संगणकावरून फेडोरा किंवा उबुंटू (लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचे दोन प्रकार) पेनड्राइव्हवर, त्यावरून संगणक सुरू होईल अशा रीतीने, चढवून घ्या, तुमचा संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. तुमच्या डिस्कला हात लागत नाही. लिनक्सने आवाजाची वाट विंडोजसारखीच दोन-तीनदा उकरलेली आहे. आल्सा, मग पल्सऑडिओ, आणि आता पाइपवायर, जो फेडोराने २०२१ मध्ये आणि उबुंटूने २०२२ मध्ये मुख्य केला. पण आपल्याला इथे त्याचा उपयोग साक्षीदार म्हणून. लिनक्समध्ये आवाज नीट आला तर चिप, जॅक आणि हेडफोन तिन्ही निर्दोष, दोष विंडोजच्या बाजूला. मग कोणी मदरबोर्ड बदलायला सांगितलं तर हसून बाहेर पडा. लिनक्समध्येही आवाज नसेल तर बहुतेक वस्तूच बिघडली आहे. तेव्हा दोन-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावून बघा. त्यात त्याची स्वतःची चिप असते, त्यामुळे लॅपटॉपची साउंड चिप आणि जॅक दोन्ही वाटेतून बाहेर पडतात.

संकेश्वरच्या एका मुलाची तक्रार होती, की अपडेटपासून डावा कान बंद. विंडोजमध्ये बंद, लिनक्समध्ये बंद, यूएसबी कार्डावरही बंद. मग मी हेडफोनची वायर पिनेपाशी धरून जरा वाकवली आणि डावा कान बोलायला लागला. अपडेट झालं त्याच रात्री लॅपटॉप पलंगावरून उचलताना वायर ओढली गेली होती, हे त्याला तेव्हा आठवलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून नवी पिन जोडून घेतली. त्याच्या खिडक्या आहेत तशाच ठेवल्या, फक्त फॉरमॅट ४८,००० वर आणून दिला.